साल पारावरच ठरेल

तुमचा पगार तुम्ही स्वतः ठरवता का?

हसू नका, प्रश्न साधा आहे. तुम्ही शाळेत शिकवत असाल, सातपूरला मशीनवर उभे राहत असाल, एसटीत तिकिटं फाडत असाल नाहीतर चार घरची धुणीभांडी करत असाल. तुम्ही सगळ्यांनी एका खोलीत जमायचं, हात वर करायचे, 'आजपासून आमचा पगार इतका' असं म्हणायचं आणि बाकं वाजवून घरी जायचं, असं तुमच्या आयुष्यात कधी झालंय? नाही ना? मग ज्यांना तुम्ही मत देऊन पाठवता त्यांच्या बाबतीत ते कसं होतं? आणि तुम्ही ते का चालवून घेता?

हा प्रश्न माझा नाही. आमच्या गल्लीतल्या कौतिकआक्कांचा आहे. त्यांनी तो विधानसभेत उभं राहून विचारला होता आणि त्याच्यापायी स्वतःचं तिकीट घालवलं होतं. पुढे नाशकात राहायला आल्यावर त्यांनी तो दूधवाल्यापासून बँकेच्या साहेबापर्यंत सगळ्यांना विचारला. आक्का आता नाहीत. प्रश्न आहे तिथेच आहे.

सिडकोत आमच्या घरासमोर त्यांचं घर होतं. दोन खोल्या, पुढे ओटा. यजमान शाळामास्तर होते, ते लवकर गेले. आक्का बागलाणातल्या, माहेर नामपूरच्या अलीकडचं एक लहान गाव. डोक्यावरचा पदर कधी ढळायचा नाही आणि आवाज कधी खाली यायचा नाही. मराठी बोलायच्या, पण राग आला की अहिराणी यायची. त्यामुळे 'आहे'च्या जागी 'शे' ऐकू आलं की गल्लीतली पोरं आधी पळायची आणि मग विचार करायची की चूक कोणाची. माजी आमदार म्हणून कोणी हार घेऊन आलं तर तो हार त्या ओट्यावरच्या तुळशीला घालायच्या आणि पाहुण्याला म्हणायच्या, "बसा. तुमचा पगार कोण ठरवतं?"

ही त्यांची सगळ्यांशी ओळख करून घ्यायची रीत होती. लोक नाव विचारतात, गाव विचारतात, आडनावावरून जात काढतात. आक्का पगार कोण ठरवतं ते विचारायच्या. पगार किती, हे त्यांनी कधी कोणाला विचारलं नाही. "किती ते त्याचं त्याला. कोण ठरवतं ते सगळ्यांचं," असं म्हणायच्या.

एकदा यजमानांच्या वर्षश्राद्धासाठी त्या गोदाघाटावर गेल्या. आई सोबत होती, तिनेच घरी येऊन सांगितलं. विधी झाल्यावर आक्कांनी गुरुजींना विचारलं, "तुमची दक्षिणा कोण ठरवतं?"

"यजमानाची श्रद्धा," गुरुजी म्हणाले.

"आणि श्रद्धा कमी पडली तर?"

"मग आम्ही सांगतो किती ते."

"म्हणजे तुम्हीच आमदार!" आक्का म्हणाल्या. शेजारच्या पाटावरचे यजमान श्राद्ध विसरून हसायला लागले. गुरुजीही हसले, आणि दक्षिणा घेताना म्हणाले, "आज तुम्हीच ठरवा, आक्का."

दुसरी एक सवय होती. पैशाची गोष्ट त्या घरात बोलायच्या नाहीत. भाजीवालीशी घासाघीस असो, गवंड्याशी मजुरी असो, सगळं ओट्यावर, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. माझ्या आईला ते फार लाजिरवाणं वाटायचं. "आक्का, आत या ना, हळू बोलू," आई म्हणायची. आक्का जागच्या हलायच्या नाहीत. "हळू बोलायची गोष्ट असती तर बोललेच नसते."

ह्या सवयीने गल्लीत एकदा चांगलाच भडका उडाला. आक्कांचा हात मोडला होता आणि भांडी घासायला शकीलाबी येऊ लागली होती. शकीलाबी मूळची मालेगावची, नवरा यंत्रमाग सोडून नाशकात हमाली करायचा. ती आमच्या गल्लीत आणखी पाच-सहा घरी काम करायची आणि प्रत्येक घरी वेगळे पैसे मिळायचे, ती मालकीण जितकी घट्ट तितके कमी. पहिल्या दिवशी आक्कांनी तिला ओट्यावर बसवलं, स्वतः समोर बसल्या आणि संध्याकाळी दारात उभ्या असलेल्या सगळ्या बायांना हाका मारल्या.

"या ग, ठरवा. हिला मी काय द्यायचं?"

बाया आल्या. खिसा आमदारीणबाईंचा, मग सांगायला काय जातं? एकीने म्हटलं, तुमचा हात मोडलाय, जास्त द्यायला हवं. दुसरी म्हणाली, सुट्टी पण द्या महिन्यातून. तिसरीने दिवाळीची साडी घातली त्यात. शकीलाबी खाली मान घालून ऐकत होती. आक्कांनी सगळ्याला हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शकीलाबी माझ्या आईकडे आली, भांड्यांना हात लावायच्या आधी दारात उभी राहिली आणि म्हणाली, "भाभी, कल आप लोगांनीच ठरवलं ना? अब सब का वहीच."

दुपारी सगळ्या बाया आक्कांच्या ओट्यावर. "आक्का, तुम्ही गल्लीचा रेट वाढवून ठेवला!"

"मी?" आक्का म्हणाल्या. "मी तर तोंड उघडलं नाही. तुम्ही ठरवलं. दुसऱ्याच्या खिशातून ठरवताना हात सैल सुटतो, स्वतःच्या खिशातून ठरवताना आवळतो. तुमचा सुटला, तिथे मुंबईत आमदारांचा सुटतो. फरक इतकाच की तुम्हाला शकीला दुसऱ्या दिवशी येऊन विचारते. त्यांना कोण विचारतं?"

पैसे मात्र सगळ्यांना वाढवावे लागले. आईसुद्धा आठवडाभर फुगून होती.

आता ही ओट्याची सवय आली कुठून ते सांगते, कारण त्याशिवाय आक्का कळणार नाहीत.

आक्कांचे वडील सालदार होते. एका बागाईतदाराकडे वर्षाच्या बोलीवर राबायचं आणि ते वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला संपायचं. त्या दिवशी पुढचं साल ठरायचं. त्यांच्या गावात ते ठरायचं पारावर, सगळ्यांच्या देखत. मालक एका बाजूला, सालदार दुसऱ्या बाजूला, मध्ये गावातली दोन माणसं. रोख किती, दाणे किती, घोंगडी आणि पायातला जोडा मिळणार की नाही, सगळं मोठ्याने. गेल्या साली सालदाराने खाडे किती केले, म्हणजे कामाला किती वेळा आला नाही, तेही मोठ्याने. मालकाला वाटलं म्हणून कमी करता येत नव्हतं आणि सालदाराला वाटलं म्हणून वाढवता येत नव्हतं. ही पद्धत काही न्यायाची नव्हती. मधली दोन माणसं बहुतेक वेळा मालकाच्याच भाऊबंदांतली असायची, आणि आक्का ते कधी लपवायच्या नाहीत. पण उघड्यावर बोलताना लबाडीलाही थोडी लाज वाटते, असं त्यांचं म्हणणं होतं.

एका आखाजीला मालक म्हणाला, उन्हात कशाला बसायचं, घरात या, चहा घेऊ आणि ठरवू. आक्का तेव्हा परकर-पोलक्यातल्या. आंब्याच्या झाडाला बांधलेल्या झोक्यावरून त्यांनी पाहिलं, की मालकाच्या पायरीशी वडील उभे आहेत आणि आत जात नाहीत. आयुष्यात कधी मालकासमोर 'नाही' न म्हटलेला माणूस. ते एवढंच म्हणाले, "घरमा नही. पारवर."

मालकाने त्यांना त्या साली ठेवलं नाही. घरात आखाजीच्या पुरणपोळ्या झाल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून वडील रोजंदारीला दुसऱ्या गावी जाऊ लागले. "पण मान खाली घालून नाही गेले," हे सांगताना आक्कांचा पदर आधी डोळ्यांकडे जायचा आणि त्या तो लगेच पुन्हा डोक्यावर ओढून घ्यायच्या.

ही मुलगी शिकली, लग्नानंतर बायांचे मोर्चे काढू लागली आणि नव्वदच्या दशकात एका मोठ्या पक्षाला बाईमाणूस उमेदवार हवं होतं म्हणून आमदार झाली. मतदारसंघाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की लोक गोष्ट सोडून पक्ष शोधत बसतात. पक्षाने त्यांच्याकडून फार अपेक्षा केली नव्हती. शांत बसेल, हात वर करेल, फोटोत उभी राहील. आणि खरोखर पहिले काही महिने त्या शांत बसल्या. ऐकत होत्या.

मग एका अधिवेशनाच्या शेवटी मंत्र्यांच्या, सभागृहाच्या पदाधिकाऱ्यांच्या आणि आमदारांच्या पगार-भत्त्यांचं विधेयक आलं. तोपर्यंत जे एकमेकांच्या अंगावर धावून जात होते ते सगळे त्या दिवशी सख्खे भाऊ झाले, असं आक्का सांगायच्या. कोणी भाषण केलं नाही. कोणी सभात्याग केला नाही. एरवी चहाच्या दरावरून कामकाज बंद पाडणारे लोक! 'होय' म्हणणाऱ्यांचा आवाज झाला, 'नाही' म्हणायला कोणी नव्हतं, आणि आक्का उभ्या राहिल्या.

"अध्यक्ष महोदय, साल पारावर ठरवा."

अध्यक्षांना काही कळलं नाही. त्यांनी विचारलं, "सदस्यांची सूचना काय आहे?"

"आपलं साल आपणच घरात बसून ठरवतोय. ते पारावर ठरवा. बाहेरची माणसं नेमा, त्यांच्यात एक मजूर असू द्या, एक बाई असू द्या. लोकांसमोर सुनावणी घ्या. आणि जे ठरेल ते आपल्याला लागू नका करू, पुढच्या सभागृहाला करा. म्हणजे कोणाच्या तोंडाला पाणी सुटायचं नाही."

हशा पिकला. पुढच्या बाकावरून त्यांच्याच पक्षाचा एक ज्येष्ठ मागे वळून म्हणाला, "अहो आक्का, खाली बसा. तुमचाही वाढतोय!"

"म्हणून तर उभी आहे," आक्का म्हणाल्या.

विधेयक मंजूर झालं. आक्कांचं 'नाही' इतक्या गोंगाटात बुडालं, की ते कामकाजात कुठे नोंदलं गेलं की नाही हेही त्यांना माहीत नव्हतं आणि त्यांनी कधी शोधलंही नाही. "मी नोंदीसाठी नव्हते म्हटलं," त्या म्हणायच्या.

इथे दुसरा कोणी असता तर त्याने वाढीव पगार परत केला असता, पेपरात फोटो छापून आणला असता आणि महात्मा होऊन बसला असता. आक्कांनी तसलं काही केलं नाही. पगार घेतला, वाढीव धरून घेतला आणि आखाजीला माहेरी गेल्या. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात, गाव भरलेलं असतं. आक्का पारावर गेल्या आणि जिथे त्यांचे वडील बसायचे त्या बाजूला बसल्या.

"गावाने माझं साल ठरवायचं. सरकार देतं त्यातलं मी किती ठेवायचं ते तुम्ही सांगा. बाकीचं गावाचं."

पहिल्यांदा गावाने जी चूक केली ती आमच्याकडच्याच माणसांनी करावी. त्यांना वाटलं आपली लेक मोठी झाली, तिचा मान राखावा. सरपंच म्हणाले, सगळंच ठेव बाई, आमची ना नाही. एका म्हाताऱ्याने तर उठून नवा जोडा आणि घोंगडी आणून पुढ्यात ठेवली, सालदाराला देतात तशी, कारण साल म्हटलं की जोडा-घोंगडी आलीच. पोरं खदाखदा हसत होती. आक्का मात्र चिडल्या. "मान नको करू. हिशेब विचार! मी काम काय केलं ते विचार!"

तेव्हा मागून एका माहेरवाशिणीने, आक्कांच्याच बालमैत्रिणीने, आवाज दिला, "बरं मग, आक्का, तुना खाडा कितला?"

तुझे खाडे किती? मग एकदम सगळ्यांना तोंडं फुटली. नामपूरच्या मार्केटात कांद्याचा लिलाव बंद पडला तेव्हा तू कुठे होतीस? बालवाडीच्या बाईंना मानधन मिळालं नाही, पत्र दिलं होतं, काय झालं? आणि ती मैत्रीण तर कंबरेवर हात ठेवून उभी. "आमना हापसा बंद शे, तुले माहीत शे का?"

आक्कांना हापशाचं माहीत नव्हतं. तसं त्यांनी सांगितलं. गावाने त्या साली त्यांचं साल चांगलंच कापलं. आक्कांनी जोडा आणि घोंगडी मात्र परत दिली नाही. तो जोडा आमच्या समोरच्या ओट्यावर असायचा आणि घोंगडीवर त्या हिवाळ्यात आम्हाला बसवायच्या. "आमदारकीत मिळालेल्या ह्या दोनच वस्तू," असं सांगायच्या.

मी पुढे कॉलेजात गेल्यावर त्यांना एकदा विचारलं, "आक्का, हे नाटकच नाही का? एका गावाने ठरवून काय होतं?"

"नाटकच आहे," त्या म्हणाल्या. "कायदा होईपर्यंत नाटक करीन. कायदा झाला की बंद करीन."

हे नाटक त्या काळी पक्षाला झोंबलं. निवडणूक जवळ आली तसे जिल्हाध्यक्ष घरी आले. त्यांना आक्कांनी अर्थातच ओट्यावर बसवलं. ते म्हणाले, वरच्यांची तुमच्यावर मर्जी आहे, पुन्हा तिकीट पक्कं आहे, कदाचित राज्यमंत्रीसुद्धा व्हाल. फक्त ती आखाजीची बैठक बंद करा. बाकीच्या आमदारांना लोक विचारायला लागलेत की तुमचं साल कधी ठरणार. आपल्याच माणसांना अडचण होते.

"तुम्ही आखाजीला काय करता?" आक्कांनी विचारलं.

"म्हणजे?"

"या ना आमच्या गावाला. रस-पोळी खायला."

बिचारे आले. त्यांना वाटलं बैठक बंद झाली आणि हा समेटाचा पाहुणचार आहे. जेवणानंतर आक्कांनी त्यांना पारावर नेऊन मधल्या माणसांच्या जागी बसवलं आणि गावाला सांगितलं, "हे आमच्या पक्षाचे जिल्हाध्यक्ष. माझं साल ह्यांनी माझ्या घरी येऊन ठरवलंय, तिकीट आणि मंत्रिपद. मी म्हटलं, पारवर ठरी."

जिल्हाध्यक्षांची गाडी धुरळा उडवत गेली आणि तिकीटही तिच्यातूनच गेलं. आक्का अपक्ष उभ्या राहिल्या आणि पडल्या. त्यांच्या स्वतःच्या गावाने भरभरून मतं दिली. बाकी गावांना पार नव्हता असं नाही, पण पारावर बसलेली मंडळी आधीच घरात जाऊन आली होती.

त्यानंतर त्या नाशकात आल्या, आमच्या समोर. माझे बाबा सातपूरच्या एका कारखान्यात युनियनचं काम करायचे. आमच्या घरात देवाच्या कोनाड्यापेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त होते, आणि मी वाचायला शिकले ती त्याच कागदांवर. बाबा आक्कांचे भक्त होते. पण भक्त लोकांची एक खोड असते. त्यांना देव आपल्या मनासारखा हवा असतो.

दोन हजारनंतरच्या एका वर्षी पुन्हा पगारवाढीची, माजी आमदारांच्या पेन्शनवाढीची बातमी आली आणि बाबांच्या मंडळींनी निषेध सभा ठरवली. शालिमारजवळच्या एका हॉलमध्ये. पत्रकावर मोठ्या अक्षरात छापलं, 'माजी आमदार कौतिकआक्का व्यासपीठावर पेन्शनचा त्याग करणार!' आक्कांना विचारलंच नव्हतं. बाबांना विचारायची गरजच वाटली नव्हती, इतकी त्यांना खात्री होती. हॉल भरला. रिक्षावाले, कामगार, शिक्षक, दोन-तीन पत्रकार. बाबांनी माइक आक्कांच्या हातात दिला.

"भाऊ," आक्का बाबांना म्हणाल्या, पण माइकमधून, "तुमचं पत्रक मला आज दुपारी तुमच्याच पोरीने दाखवलं. मी पेन्शन सोडणार नाही."

हॉलमध्ये शिट्ट्या सुरू झाल्या. 'चोर चोर' असंही कोणीतरी ओरडलं. बाबांचा चेहरा पाहवत नव्हता. आक्का तशाच उभ्या. आवाज खाली आला नाही.

"ओरडा. पण ऐका. फुकट आमदारकी कोणाला परवडते? ज्याच्या घरात आधीच आहे त्याला. कारखानदाराला परवडते, बागाईतदाराला परवडते. सालदाराच्या पोरीला पगार लागतो. ती फुकट राबली तर तिचं घर चालवणारा कोणीतरी निघतो आणि मग ती त्याची होते. म्हणून आमदाराला पगार पाहिजे, मंत्र्याला पाहिजे, चांगला पाहिजे. मी पगाराच्या विरोधात कधीच नव्हते. तुम्ही सगळे 'किती, किती' म्हणून ओरडता. मी विचारते, कोन ठरावस? त्यांनी स्वतः ठरवलं तर ती लूट. मी स्वतः सोडला तर तो माझा मोठेपणा. दोन्ही वेळा ठरवणारा तोच! तुम्ही कुठे आहात ह्याच्यात?"

मग त्या खाली बसल्या. व्यासपीठावर, फरशीवर, लोकांकडे तोंड करून.

"मी बसले. ठरवा. माझं पेन्शन किती असावं, आत्ता ठरवा."

मी त्या दिवशी व्यासपीठाशेजारच्या दाराशी पत्रकं वाटत होते, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे मला समोरून दिसत होते. एक जण म्हणाला, एक पैसाही नको. शेजारचा म्हणाला, मग उद्या तुझ्यासारखा कोण उभा राहील? एक निवृत्त शिक्षक म्हणाले, शिक्षकाइतकं द्या. त्यांना कामगारांनी विचारलं, का, कामगाराइतकं का नाही? भांडण जुंपलं. शेवटी मागच्या रांगेतून चहाचा गाडा चालवणाऱ्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "आधी ह्यांना सांगू द्या की आमदारकी संपल्यावर काय काम करतात. मग पुढचं."

आक्का मोठ्याने हसल्या. "हां! ह्यालाच खाडा विचारणं म्हणतात!" आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली, कोणाच्या रेशनकार्डासाठी तहसीलला गेल्या, कुठे उपयोग झाला, कुठे झाला नाही. लोक मध्येमध्ये अडवत होते, उलट विचारत होते. हॉलवाला दिवे घालवायला आला तरी आकडा काही ठरला नाही.

"अवघड असतं, बघितलं ना?" गुडघ्यावर हात ठेवून उठताना आक्का म्हणाल्या. "म्हणूनच ते तिथे आवाजात उरकतात."

बाबा त्यांच्याशी पंधरवडाभर बोलले नाहीत. मग एका सकाळी समोरच्या ओट्यावर जाऊन बसले आणि म्हणाले, "आक्का, नवीन पत्रक काढतोय. पेन्शनचं नाव नाही त्यात."

"मग काय आहे?"

"तुमचा प्रश्न."

"अक्षरं मोठी टाका भाऊ," आक्का म्हणाल्या. "आणि या वेळी आधी विचारलंत ते बरं केलंत."

त्या पत्रकाने काही झालं का? नाही. पगार पुढेही वाढले, तसेच वाढले, सगळे सख्खे भाऊ होऊन. आक्का पुढेही आखाजीला गावी जात राहिल्या, पेन्शनचं साल ठरवायला. गाव पुढेही कापत राहिलं. एका साली गावाने वाढवून दिलं, कारण हापसा अखेर दुरुस्त झाला होता. त्या वर्षी आक्कांनी सगळ्या गल्लीत सांजोऱ्या वाटल्या. दिल्लीहून बक्षीस मिळाल्यासारखा त्यांचा चेहरा होता.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते जुन्या सीबीएसवर, एसटी स्टँडावर. आखाजीच्या आदल्या दिवशी. त्यांची तब्येत बरी नव्हती, आईने जाऊ नका म्हटलं होतं, आणि म्हणून मी पिशवी घेऊन सोडायला गेले होते. सटाण्याची गाडी फलाटाला लागली. गर्दी तुफान, सगळ्या माहेरवाशिणी. आक्का पदर खोचून आत शिरल्या आणि खिडकीजवळच्या मोकळ्या जागेवर बसल्या. पायात तोच सालाचा जोडा, टाचेला झिजलेला.

तरुण कंडक्टर ओरडला, "ओ आजी, उठा तिथून! वरती वाचा काय लिहिलंय. ती आमदारांची जागा आहे."

आक्कांनी मान वर करून वाचलं. 'विधानमंडळ सदस्यांसाठी राखीव.' पिशवीतून त्यांनी माजी आमदाराचा पास काढून त्याच्या हातात दिला. त्याने पास पाहिला, आक्कांकडे पाहिलं, पुन्हा पास पाहिला. "सॉरी हां मावशी, कळलं नाही. आमदार कोणी बसत नाही ना एसटीत."

"बस इकडे," आक्का सरकून म्हणाल्या. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, पण त्यांनी त्याच्यासाठी जागा केली. "तुझा पगार कोण ठरवतं रे?"

गाडी हलली. खिडकीतून मला दिसलं ते एवढंच, की कंडक्टर तिकिटाचा ट्रे मांडीवर ठेवून हातवारे करत काहीतरी सांगतोय, पुढच्या सीटवरच्या दोन बाया मागे वळून त्यात बोलतायत, आणि आक्कांचा पदर वाऱ्यातही डोक्यावर आहे. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. त्यांना वेळ नव्हता.

त्या पावसाळ्यात आक्का गेल्या. तो जोडा गावाने मागून नेला.

मला श्रद्धांजली लिहायची नव्हती. श्रद्धांजली वाहून झाली की माणूसही संपतो आणि त्याचा प्रश्नही. म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे, आणि ते अगदी सोपं आहे. पुढच्या निवडणुकीत कोणी ना कोणी हात जोडून तुमच्या दाराशी येईल. त्याला घरात बोलावू नका. चहा द्या, पण ओट्यावर द्या, पायरीवर द्या, गॅलरीत द्या. आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारा, "निवडून आलात तर तुमचा पगार कोण ठरवणार?" तो हसून म्हणेल, आत बसून बोलू.

तुम्ही आत जाऊ नका.